परसात पंचवीस कोंबड्या: पिल्ले आणण्याआधीपासून ती बाहेर सोडेपर्यंतचा क्रम

परसात कोंबड्या पाळायचे ठरले की बहुतेक घरांत सर्वांत आधी पिल्ले येतात आणि मग त्यांच्यासाठी जागा, दिवा, खाद्य आणि लस यांची शोधाशोध सुरू होते. हा क्रम उलटा आहे, आणि पहिल्या पंधरा दिवसांत जी पिल्ले मरतात त्यांतील बरीचशी रोगाने नव्हे, तर या उलट्या क्रमाने मरतात. एक दिवसाच्या पिल्लाला अंगावर खरी पिसे नसतात, त्यामुळे स्वतःची ऊब ते स्वतः राखू शकत नाही. ती ऊब मिळायला चार-सहा तासांचा उशीर झाला, तर त्याचा परिणाम तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतुकीच्या रूपाने दिसतो आणि तोवर कारण विसरलेले असते. पुढील क्रम अंडी आणि मांस या दोन्हींसाठी घरी पाळायच्या 25 सुधारित किंवा गावरान पिल्लांचा आहे. बंदिस्त ब्रॉयलरपालनाचे गणित वेगळे असते. ते येथे लागू करू नये.

## टप्पा 1: हेतू, जात आणि हंगाम

कोंबड्या अंड्यांसाठी, मांसासाठी की लळा लावण्यासाठी पाळायच्या, हे घरातील सर्वांनी पिल्ले येण्यापूर्वीच ठरवावे. ही भावनेची बाब वाटली तरी तिचे परिणाम व्यवहारातच दिसतात. मिश्र पिल्ले घेतली तर त्यांत साधारण निम्मे नर निघतात; चार महिन्यांनी ते एकमेकांशी झुंजू लागतात आणि 25 पक्ष्यांच्या कळपात बारा नर ठेवता येत नाहीत. मुलांनी ज्याला नाव ठेवले आहे तो कोंबडा नंतर कापायचा प्रसंग आला की घरात जे घडते, ते मुलांना विश्वासात घेऊन आधी बोलल्यास टळते. सांभाळायचे दोन-तीन पक्षी कोणते, हे मुलांनाच निवडू द्यावे, त्यांच्या पायांत रंगीत कडी घालावी आणि बाकीचे कशासाठी आहेत ते त्यांना स्पष्ट सांगावे.

जातीची निवड हेतूप्रमाणे करावी. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या जातींपैकी वनराजा अंडी आणि मांस या दोन्हींसाठी, तर ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी आहे. कर्नाटकातून आलेला गिरिराज वजनाने चांगला भरतो. गावरान कोंबडी अंडी कमी देते, पण ती खुडूक बसते, स्वतः पिल्ले उबवते आणि घार दिसली की त्यांना पंखाखाली घेते. सुधारित जातींमध्ये खुडूक होण्याची ही सवय फारच कमी राहिलेली आहे, शिवाय त्यांच्या अंड्यांतून घरी काढलेली पुढची पिढी मूळ जातीसारखी भरत नाही. कडकनाथही क्वचितच खुडूक बसते. म्हणून सुधारित पक्ष्यांबरोबर तीन-चार गावरान कोंबड्या असाव्यात, असे माझे मत आहे.

पिल्ले शक्यतो अंडी उबवणी केंद्रातून घ्यावीत. पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती केंद्रे पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे आहेत. तेथे आगाऊ नोंदणी करावी लागते, आणि प्रतीक्षेचा हाच काळ पुढील दोन टप्प्यांसाठी वापरावा. जत्रेत किंवा रस्त्यावर मिळणारी गुलाबी, हिरवी रंगवलेली पिल्ले घेऊ नयेत. ती बहुधा अंड्यांच्या जातीतील टाकून दिलेले नर असतात आणि त्यांना कोणती लस दिली आहे हे सांगणारे कोणी नसते.

पहिल्यांदाच पाळणाऱ्याने दसऱ्यानंतर ते माघापर्यंतचा काळ निवडावा. जून-जुलैमध्ये, विशेषतः कोकणात आणि घाटमाथ्यावर, पिल्लांखालील तूस वाळतच नाही आणि ओल्या तुसातून रक्ती हगवण हमखास येते. विदर्भातील आणि मराठवाड्यातील उन्हाळ्यात पिल्लांना ऊब देण्यापेक्षा उन्हापासून वाचवणे अधिक अवघड असते. थंडीवर दिव्याचा इलाज आहे. ओलीवर तसा सोपा इलाज नाही.

## टप्पा 2: खुराडे आधी बांधावे

पिल्ले पाच-सहा आठवड्यांची होईपर्यंत खुराड्याची गरज लागत नाही, म्हणून ते काम मागे ठेवले जाते आणि मग सहाव्या आठवड्यात कुठल्या तरी पेटाऱ्यात किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात पंचवीस पक्षी कोंबले जातात. एकमेकांना टोचण्याची सवय तेथेच लागते, आणि एकदा लागली की ती सुटत नाही.

मोठ्या पक्ष्यास रात्रीच्या निवाऱ्यात साधारण दोन चौरस फूट जागा धरावी. म्हणजे 25 पक्ष्यांना पाच फूट रुंद आणि दहा फूट लांब खुराडे पुरते. त्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन थेट आत शिरत नाही. खालच्या दीड फुटापर्यंत भिंत भरीव असावी आणि त्यावर जाळी असावी. छपराची पडवी पावसाची झड आत येणार नाही इतकी, किमान तीन फूट, बाहेर काढावी. आत दोन फूट उंचीवर, कडा गोल केलेल्या जाड काठ्या बसण्यासाठी आडव्या लावाव्यात आणि दर पक्ष्यामागे सात-आठ इंच लांबी धरावी. बांबूच्या पोकळ कांड्या आणि लाकडातील भेगा चुन्याने किंवा सिमेंटने बुजवाव्यात, कारण कोंबड्यांवरचे गोचीड दिवसभर अशा भेगांत राहतात आणि फक्त रात्री रक्त पिण्यासाठी बाहेर येतात. दिवसा पक्षी तपासून काहीच न सापडणे आणि तरीही कोंबड्या पांढुरक्या, निस्तेज दिसणे, याचे हे एक नेहमीचे कारण आहे. रात्री बॅटरी घेऊन काठीच्या खालची बाजू पाहावी.

जाळीविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाजारात मिळणारी षटकोनी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, पण साप किंवा घूस यांना बाहेर ठेवत नाही, आणि कुत्रे ती दातांनी फाडू शकते. खालच्या दोन फुटांना, भरीव भिंतीच्या बाहेरून, अर्ध्या इंचाच्या चौकोनाची जोडजाळी (वेल्डमेश) लावावी आणि ती जमिनीत एक फूट पुरावी.

तपासणी: अंधार पडल्यावर खुराड्याच्या आत दिवा लावून दार बंद करावे आणि बाहेरून चारही बाजूंनी फिरून पाहावे. जेथून अंगठ्याएवढी उजेडाची फट दिसते, ती आजच बुजवावी. लहान घुशीला आणि सापाला तेवढी वाट पुरते.

## टप्पा 3: ब्रूडर, पिल्ले येण्याच्या 24 तास आधी

ब्रूडर म्हणजे पिल्लांसाठी केलेली उबदार, वाऱ्यापासून आडोसा असलेली गोल जागा. 25 पिल्लांसाठी साधारण तीन फूट व्यासाचे वर्तुळ पुरते. ते दीड फूट उंचीच्या पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे करावे. चौकोनी खोके वापरू नये. थंडी वाजली की पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. नाइलाजाने खोके वापरायचेच असल्यास त्याचे चारही कोपरे पुठ्ठ्याने गोलाकार करून घ्यावेत.

जमिनीवर दोन ते तीन इंच जाडीची भाताच्या तुसाची कोरडी गादी करावी. लाकडाचा बारीक भुसा पिल्ले खातात, म्हणून तो टाळावा. तुसावर पहिले तीन दिवस कागद अंथरावा, जेणेकरून पिल्ले तुसालाच खाद्य समजणार नाहीत. मात्र वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद एकेरी टाकल्यास पिल्लांचे पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात आणि ती कायमची अधू होतात. त्यासाठी खरबरीत कागद घ्यावा किंवा कागद चुरगळून पुन्हा पसरावा. चार थर टाकून दररोज वरचा एक थर काढला की स्वच्छताही सहज होते.

आता दिव्याविषयी. ब्रूडरमध्ये एलईडी बल्ब चालत नाही, कारण तो उजेड देतो, ऊब देत नाही. जुना, तारेचा पिवळा बल्ब किंवा ऊब देणारा लाल इन्फ्रारेड बल्बच लागतो, आणि आता तो प्रत्येक दुकानात मिळत नाही, म्हणून तो आधीच आणून ठेवावा. माझ्या पहिल्या खेपेला मी नऊ वॉटचे तीन एलईडी दिवे लावले होते. उजेड भरपूर होता आणि पिल्ले रात्रभर ओरडत होती. ती भुकेने ओरडत आहेत अशी माझी समजूत झाली. सकाळी सात पिल्ले मेलेली होती. तेव्हापासून मी ब्रूडरमधला बल्ब लावण्याआधी त्याखाली हात धरून पाहतो.

दर पिल्लामागे दोन वॉट हे साधारण प्रमाण आहे. थंडीत ते वाढवावे लागते. एकच मोठा बल्ब लावण्यापेक्षा 60 वॉटचे दोन लावावेत, म्हणजे रात्री एक जळाला तरी दुसरा राहतो. बल्ब केवळ वायरीवर लोंबकळत ठेवू नये. साखळीने किंवा तारेने पक्का बांधावा आणि उंची कमी-जास्त करता येईल अशी सोय ठेवावी. तो तुसावर पडला, तर आग लागण्यास काही मिनिटे पुरतात.

पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे गादीपासून दोन इंचांवर, पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे दर आठवड्याला ते तीन अंशांनी कमी करावे. बल्ब आदल्या दिवशीच लावून ठेवावेत, कारण हवा अर्ध्या तासात गरम होते, पण फरशी आणि तूस गरम व्हायला रात्र लागते. पिल्लाच्या पोटाला लागते ती फरशीची थंडी.

वीज जाणार हे गृहीत धरावे. पाच लिटरच्या दोन कॅनमध्ये गरम पाणी भरून, ते गोणपाटात गुंडाळून वर्तुळात ठेवावेत आणि वरून अर्धा भाग पोत्याने झाकावा. यावर तीन-चार तास सहज निघतात.

सावधान: बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. तिच्या धुराला वास नसला तरी त्यातील विषारी वायूने पिल्ले आणि शेजारी झोपलेला माणूस, दोघेही दगावू शकतात.

## टप्पा 4: पहिला दिवस, आधी पाणी आणि मग खाद्य

अंड्यातून बाहेर पडताना पिल्लाच्या पोटात बलकाचा काही भाग शिल्लक असतो आणि त्यावर ते दोन दिवस काढू शकते. म्हणूनच लांबचा प्रवास त्याला सोसतो. पण प्रवासात त्याच्या अंगातील पाणी कमी होते. त्यामुळे घरी आल्यावर आधी खाद्य घातले तर ते घशाखाली अडकते आणि पोट बिघडते. आधी पाणीच द्यावे.

एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात 50 ग्रॅम गूळ विरघळवावा. पेटीतून एकेक पिल्लू उचलून त्याची चोच पाण्यात क्षणभर बुडवावी, नाकपुड्या बुडू देऊ नयेत, आणि ते पाणी गिळते आहे हे पाहूनच त्याला दिव्याखाली सोडावे. पंचवीस पिल्लांना यासाठी पंधरा मिनिटे लागतात. पेटी सरळ आत उलटी करून ही पंधरा मिनिटे वाचवू नयेत. हाताळतानाच बेंबी कोरडी व मिटलेली आहे का, डोळे उघडे आणि स्वच्छ आहेत का, पिल्लू दोन्ही पायांवर उभे राहते का, हे पाहावे. ओली, काळपट बेंबी असलेली पिल्ले वेगळी ठेवावीत.

पाण्याच्या भांड्याची कड अरुंद असावी. उघडी ताटली वापरायची असेल तर तिच्यात गारगोट्या टाकाव्यात. पिल्ले एक इंच पाण्यातही बुडतात, आणि भिजलेले पिल्लू गारठूनच मरते. गुळाचे पाणी चार-पाच तासांनी काढून साधे पाणी ठेवावे, कारण ते आंबते. पाणी सुरू झाल्यानंतर दोन-तीन तासांनी मक्याचा भरडा कागदावर पातळ पसरावा आणि दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचे तयार खाद्य द्यावे. त्यात साधारण 20 टक्के प्रथिने असावीत. सहा आठवड्यांपर्यंत दर पिल्लामागे सव्वा ते दीड किलो खाद्य लागते, म्हणजे 25 पिल्लांना साधारण 31 ते 38 किलो. मात्र ते एकदम आणू नये, पंधरवड्याला पुरेल इतकेच आणावे. बुरशीचा वास असलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड पिल्लांना विषासमान असते. घरातील खारट भाजी, लोणचे, फरसाण हेही लहान पिल्लांना घालू नये. त्यांना मीठ सोसत नाही.

तपासणी: दुसऱ्या दिवशी सकाळी दहा पिल्ले हातात घेऊन गळ्याखालची खाद्याची पिशवी बोटांनी हलकेच दाबून पाहावी. ती मऊ आणि भरलेली लागली, तर पिल्लाने खाल्ले-प्यायले आहे. टणक लागली, तर पाणी कमी पडले. रिकामी लागली, तर त्या पिल्लाला खाद्य सापडलेलेच नाही.

## टप्पा 5: पहिले चार आठवडे

तापमापक घ्यावाच, पण त्याहून अधिक विश्वास पिल्लांवर ठेवावा. ती दिव्याखाली घट्ट गोळा होऊन चिवचिवाट करत असतील, तर दिवा खाली घ्यावा. कडेला जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असतील, तर तो वर घ्यावा. सगळी एकाच बाजूला सरकली असतील, तर दुसऱ्या बाजूने वाऱ्याची झुळूक येते आहे. सर्वत्र विखुरलेली, काही खाताना, काही पाय पसरून झोपलेली दिसली म्हणजे ऊब बरोबर आहे. ही पाहणी दिवसा नव्हे, पहाटे तीन-चार वाजता करावी. सर्वांत जास्त थंडी तेव्हाच असते, आणि पहिल्या आठवड्यात दोन-तीन रात्री तरी उठणे भाग आहे.

पहिल्या आठवड्यात काही पिल्लांच्या मागच्या बाजूला शीट वाळून घट्ट चिकटते आणि शौचाची वाट बंद होते. वाळलेला गोळा ओढून काढू नये, कातडी फाटते. कोमट पाण्यात कापूस भिजवून तो मऊ करावा, पुसून काढावा, जागा कोरडी करावी आणि खोबरेल तेलाचे बोट लावावे. अशी पिल्ले जास्त दिसली, तर ऊब कमी-अधिक होत आहे असे समजून दिवा तपासावा.

दर आठवड्याला वर्तुळ मोठे करावे. चार आठवड्यांपर्यंत प्रत्येकी अर्धा चौरस फूट आणि आठ आठवड्यांपर्यंत एक चौरस फूट जागा हा किमान हिशेब आहे. भांड्यांची कड पिल्लांच्या पाठीच्या पातळीला राहील अशी उंची वाढवत जावे. जमिनीवर ठेवलेल्या भांड्यात पिल्ले उभी राहतात, शीट टाकतात आणि पाणी सांडतात.

तुसाची गादी रोज सकाळी उकरावी आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस रोज काढून टाकावे. मूठभर तूस हातात दाबून सोडल्यावर त्याचा गोळा तसाच राहिला, तर ते जास्त ओले आहे. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिल्ले पिसे फुलवून कोपऱ्यात उभी राहू लागली आणि शीटेत रक्त दिसले, तर ती रक्ती हगवण आहे, आणि तिच्यात एका दिवसाचा उशीरही महागात पडतो. शीटेचा नमुना आणि एखादे मेलेले पिल्लू घेऊन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. पाण्यातून द्यायचे औषध सोपे आहे, पण ते सांगितलेल्या मात्रेत आणि सांगितलेले दिवस पूर्ण द्यावे. नुसते औषध देऊन गादी तशीच ओली ठेवली, तर रोग परत येतो.

रोग नसताना ‘खबरदारी’ म्हणून पाण्यात अँटिबायोटिक घालण्याची सवय पसरली आहे. ती सोडून द्यावी. त्याने थंडीत उघडे पडलेले पिल्लू वाचत नाही, आणि खरा आजार आल्यावर तेच औषध चालेनासे होते.

## टप्पा 6: लसीकरण

परसातील कोंबड्यांचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे मानमोडी, अर्थात राणीखेत रोग. तो आला की उपचार नाही. मान वाकडी होते, हिरवी हगवण लागते आणि कळपातील बहुतेक पक्षी आठवडाभरात जातात. म्हणून खालील तारखा पिल्ले आली त्याच दिवशी दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात आणि स्थानिक पशुवैद्यकांना दाखवून पक्क्या कराव्यात.

- पहिला दिवस: मॅरेक्स रोगाची लस. ही उबवणी केंद्रातच देतात. दिली आहे का, हे तेथेच विचारावे.
- पाचवा ते सातवा दिवस: लासोटा (मानमोडीची सौम्य लस), डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब.
- चौदावा दिवस: गंबोरो रोगाची लस.
- चौथा आठवडा: लासोटा दुसऱ्यांदा.
- सहावा ते सातवा आठवडा: देवीची लस, पंखाच्या पातळ कातडीत.
- आठवा ते दहावा आठवडा: आर-टू-बी (मानमोडीचीच अधिक तीव्र लस), कातडीखाली अर्धा मिलिलिटर.

लस दिली आणि तरीही मानमोडी आली, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. बहुतेक वेळा दोष लस नेण्याच्या आणि वापरण्याच्या पद्धतीत असतो. ही लस जिवंत विषाणूंची असते. ती 2 ते 8 अंश तापमानातच जिवंत राहते. दुकानातून खिशात घालून मोटारसायकलवर तासभर आणलेली कुपी निरुपयोगी झालेली असते. बर्फ भरलेल्या थर्मासमधूनच ती आणावी, सोबत मिळणारे द्रावणही थंड ठेवावे, आणि कालवल्यानंतर तासा-दोन तासांत संपवावी. छोटी कुपीही साधारण शंभर पक्ष्यांची असते आणि आपल्याकडे पंचवीसच असतात, म्हणून उरलेली फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या वेळी वापरण्याचा मोह होतो. कालवलेली लस साठवता येत नाही. त्याऐवजी वाडीतील चार घरांनी मिळून पिल्ले एकाच दिवशी आणावीत आणि एकाच दिवशी लस द्यावी. यात खर्चही वाटला जातो आणि शेजारच्या लस न दिलेल्या कळपातून येणारा धोकाही कमी होतो.

लस सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, सावलीत द्यावी. थेंब डोळ्यात पडल्यावर तो मुरेपर्यंत, म्हणजे पिल्लू डोळा मिटून उघडेपर्यंत, त्याला हातातून सोडू नये. आजारी पिल्लांना लस देऊ नये. लासोटा न देता थेट आर-टू-बी देऊ नये. ती तीव्र असते आणि तयारी नसलेल्या पक्ष्याला तिचाच त्रास होतो. लस पाण्यातून द्यायचे ठरल्यास नळाचे क्लोरीनयुक्त पाणी वापरू नये, ते लस मारून टाकते.

तपासणी: देवीची लस दिल्यानंतर आठ-दहा दिवसांनी टोचलेल्या जागी बारीक फोड किंवा खपली दिसली पाहिजे. ती कोणत्याच पक्ष्याला दिसली नाही, तर लस लागू झालेली नाही आणि ती पुन्हा द्यावी लागेल.

सावधान: लस देणाऱ्याने हात डोळ्यांना लावू नयेत, मानमोडीच्या लशीने माणसाचे डोळे काही दिवस लाल होतात. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

## टप्पा 7: परसात सोडणे

सहाव्या आठवड्यानंतर अंगभर पिसे आलेली पिल्ले खुराड्यात हलवावीत, पण लगेच बाहेर सोडू नयेत. चार-पाच दिवस ती खुराड्यातच बंद राहू द्यावीत, म्हणजे ‘रात्री येथे यायचे’ हे त्यांना कळते. त्यानंतर पहिल्यांदा त्यांना सकाळी न सोडता, सूर्यास्तापूर्वी एक तास सोडावे. अंधार पडू लागला की ती दूर न जाता आपोआप परत फिरतात. रोज सोडण्याची वेळ थोडी थोडी अलीकडे आणावी. खुराड्यात परत आल्यावर मूठभर कणी किंवा ज्वारी टाकावी आणि ती टाकताना रोज एकच हाक मारावी. आठवड्याभरात हाकेवर कळप येतो आणि मोजणी सोपी होते. मोजणी रोज करावी. दोन दिवसांनी केलेल्या मोजणीत पिल्लू कमी भरले, तर ते मुंगसाने नेले की घारीने, हे कळण्याचा मार्ग राहत नाही.

परसात झुडपे किंवा खाली झुकलेली झाडे नसतील, तर एखाद्या कोपऱ्यात चार काठ्यांवर झावळ्यांचे किंवा पाचटाचे बुटके छप्पर करावे. घार किंवा शिक्रा आला की पिल्लांना शिरायला जागा हवी. दुसऱ्या कोपऱ्यात कोरडी माती आणि चुलीची राख मिसळलेला उथळ खड्डा ठेवावा. त्यात लोळून कोंबड्या अंगावरच्या उवा कमी करतात. बाहेर किडे, वाळवी आणि गवत मिळत असले तरी संध्याकाळचे खाद्य बंद करू नये. आठव्या आठवड्यानंतर जंताचे औषध द्यावे आणि पुढे दर तीन महिन्यांनी ते पशुवैद्यकांच्या सल्ल्याने द्यावे, कारण मातीत फिरणाऱ्या कोंबडीला जंत होतातच.

आठवडी बाजारातून आणलेली कोंबडी थेट कळपात सोडणे, ही या टप्प्यावरील सर्वांत घातक चूक आहे. विक्रेत्याकडे मानमोडी सुरू झाली की पहिली गर्दी बाजारातच होते, कारण मालक मरण्याआधी पक्षी विकून टाकतो. नवी कोंबडी दूरच्या जागी, वेगळ्या भांड्यांत, तीन आठवडे ठेवावी आणि तिचे खाणे-पिणे आपल्या कळपानंतर करावे.

साडेपाच-सहा महिन्यांनी कोंबड्या अंड्यावर येतात. त्याच्या पंधरवडाभर आधी, एक फूट लांब-रुंद-उंच अशी पेंढा भरलेली खोकी अंधाऱ्या बाजूला ठेवावीत, चार-पाच कोंबड्यांमागे एक. तेव्हापासून शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा.

## पक्षी मेलेला सापडला तर

एखादा मेलेला पक्षी कुत्र्यांपुढे किंवा ओढ्यात टाकू नये. किमान तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावा. एक-दोन दिवसांत अनेक पक्षी मेले, तुरे निळे पडले किंवा डोके सुजले, तर मृत पक्षी हाताळणे थांबवावे, उरलेले कापून खाऊ किंवा विकू नयेत आणि दवाखान्यास तत्काळ कळवावे. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर परिसरात बर्ड फ्लू आला तेव्हा आजूबाजूचे सर्व पक्षी नष्ट करावे लागले होते. कळवण्यास उशीर केल्याने स्वतःचा कळप वाचत नाही, शेजाऱ्यांचाही जातो.

## टप्पा 8: नर कापण्यासाठी काढणे

आठ-दहा माद्यांमागे एक नर ठेवावा. अंडी फक्त खाण्यासाठी असतील, तर एकही नर लागत नाही. बाकीचे नर चार महिन्यांच्या सुमारास काढावेत. वनराजासारख्या जातीचे नर तोवर दीड ते दोन किलोपर्यंत भरतात आणि मांसही कोवळे असते. त्यानंतर खाद्य खर्च होत राहते आणि मांस चिवट होत जाते. कोणतेही औषध दिले असल्यास, त्याच्या वेष्टनावर मांस खाण्यासाठी किती दिवस थांबावे हे लिहिलेले असते. तेवढे दिवस पूर्ण होऊ द्यावेत.

आदल्या रात्री नर वेगळा ठेवून खाद्य बंद करावे, पाणी मात्र ठेवावे. त्याने आतडी रिकामी राहतात आणि साफ करताना मांस खराब होत नाही. पकडताना कळपामागे धावू नये. अंधारात काठीवर बसलेला पक्षी शांतपणे उचलावा. इतर पक्ष्यांसमोर आणि मुलांसमोर कापू नये. सुरी अत्यंत धारदार असावी, काम एका झटक्यात व्हावे आणि रक्त पूर्ण वाहून जाईपर्यंत पक्षी उलटा धरावा. ज्याला हे आधी कधी करता आलेले नाही, त्याने पहिल्या वेळी जाणकाराला बोलवावे. अर्धवट कापलेल्या पक्ष्याच्या वेदना आपल्या नवखेपणामुळे होऊ देऊ नयेत.

पिसे काढण्यासाठी 60 ते 65 अंशांचे पाणी लागते. उकळत्या पाण्यात बुडवल्यास कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून येते. फार कोमट पाण्यात पिसे सुटत नाहीत. मिनिटभर बुडवून पंखाचे एक मोठे पीस ओढून पाहावे, ते सहज आले की बाहेर काढावे. पोट फाडताना सुरी वरवरच चालवावी. पोटा-कलेजी वेगळी करताना कलेजीला चिकटलेली हिरवी पित्ताची पिशवी फुटू देऊ नये. फुटलीच, तर तेथील मांस लगेच धुवावे आणि हिरवा झालेला भाग कापून टाकावा. धुतलेले मांस लगेच शिजवू नये. कापल्यानंतर स्नायू ताठरतात आणि त्या अवस्थेत शिजवलेली गावरान कोंबडी कितीही वेळ चुलीवर ठेवली तरी चिवट लागते. तिला झाकून फ्रिजमध्ये सहा-आठ तास ठेवावे.

पिसे, आतडी आणि रक्त भिजलेली माती त्याच दिवशी खड्ड्यात पुरावी. ती उघड्यावर राहिली, तर त्या वासाने रात्री कुत्री आणि रानमांजरे परसात येतात, आणि पुढच्या रात्री ती खुराड्याची जाळी उचकटून पाहतात.